हुकूम आणि हेतू

लष्कराविषयी सुशिक्षित मध्यमवर्गात एक समज फार खोलवर रुजलेला आहे. विचार करणे हे सेनापतीचे काम, तर हुकूम पाळणे हे शिपायाचे. आणि या दोहोंच्या मध्ये जो तरुण अधिकारी असतो त्याचे काम वरचा हुकूम खाली पोचविण्याचे, असा तो समज आहे. कचेरीत आलेल्या परिपत्रकावर सही करून ते पुढे सरकविणाऱ्या कर्मचाऱ्यापेक्षा त्याची कामगिरी फारशी वेगळी नसावी, एवढाच फरक की येथे परिपत्रकाऐवजी गोळी असते, असे पुष्कळांना मनातून वाटत असते. हा समज चुकीचा तर आहेच, पण तो घातकही आहे. ज्या सैन्याने तो खरा मानला त्या सैन्याला त्याची किंमत मोजावी लागली, आणि ज्या समाजाने तो आपल्या शाळा-कचेऱ्यांपर्यंत पसरू दिला त्या समाजालाही ती मोजावीच लागते.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, तालुक्याच्या पूर्व कडेला, चांदे नावाचे गाव आहे. एका बाजूस भातखाचरे आणि टेकड्या, दुसऱ्या बाजूस हिंजवडीच्या बाजूने सरकत येणारे शहर, अशा सीमेवर ते वसलेले आहे. गावाच्या दक्षिणेस काही कोसांवर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. पूर्वेस तेवढ्याच अंतरावर खडकीचे बाँबे सॅपर्स या अभियंता दलाचे केंद्र आहे. आणि सारा मुलूख मावळचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या पायदळाने डोंगरी युद्धाचे एक स्वतंत्र शास्त्र रचले, त्या पायदळाची ही भूमी. कनिष्ठ अधिकाऱ्याने युद्धभूमीवर विचार कसा करावा, या प्रश्नाची चर्चा करण्यास महाराष्ट्रात याहून उचित ठिकाण क्वचितच सापडेल.

सिद्धांत म्हणजे पाठांतर नव्हे

प्रत्येक आधुनिक सैन्याजवळ स्वतःचा असा एक युद्धसिद्धांत असतो. भारतीय लष्कराने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये असे सिद्धांतग्रंथ प्रसिद्ध केले. हे काम पाहणारा लष्कराचा प्रशिक्षण विभाग १९९१ मध्ये महू येथे स्थापन झाला आणि पुढे सिमल्यास गेला. पण या ग्रंथांच्याही मुळाशी युद्धाची काही जुनी तत्त्वे आहेत. पहिल्या महायुद्धाच्या भीषण अनुभवानंतर ब्रिटिश सैन्याने १९२० च्या आपल्या नियमपुस्तकात ती सूत्ररूपाने नोंदविली, आणि भारतीय सैन्याने थोड्याफार फरकाने ती स्वीकारली. उद्दिष्ट निश्चित करून त्यावर ढळू न देता लक्ष ठेवणे, आक्रमक वृत्ती, शत्रूला बेसावध गाठणे, निर्णायक स्थळी बळ एकवटणे, अन्यत्र बळाची काटकसर करणे, सुरक्षा, परस्परसहकार्य, लवचिकपणा, मनोधैर्य आणि रसद, ही त्यांतली प्रमुख.

ही तत्त्वे पाठ करण्यास एक तासही पुरे. पण ती एकमेकांशी भांडतात, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य आहे. निर्णायक स्थळी बळ एकवटावे म्हटले तर दुसरीकडची सुरक्षा उघडी पडते. शत्रूला बेसावध गाठण्यासाठी घाई करावी म्हटले तर रसद मागे राहते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही अडचण ओळखीची वाटावी. साधने मर्यादित, गरजा अनेक, आणि एका कामी लावलेले साधन दुसऱ्या कामी उपलब्ध राहत नाही, हा त्या शास्त्राचा पहिला धडा. येथे उभी केलेली मशीनगन तेथे नसते, हे त्याच धड्याचे लष्करी रूप होय. कोणत्या तत्त्वाला कोणत्या क्षणी किती झुकते माप द्यावे, हे कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही. ते त्या जागी उभ्या असलेल्या माणसानेच ठरवावे लागते. आणि तो माणूस बहुधा बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट असतो.

मग सिद्धांताचा उपयोग काय? त्याचा उपयोग भाषेच्या व्याकरणासारखा आहे. व्याकरणाने कोणी काय बोलावे हे ठरत नाही. पण दोन माणसांना एकमेकांचे बोलणे समजते ते व्याकरणामुळेच. धुराने डोंगर झाकला गेला, बिनतारी यंत्र बंद पडले, आणि शेजारची तुकडी दिसेनाशी झाली, तरी तिचा अधिकारी या घटकेला साधारण काय करीत असेल याचा अंदाज बांधता यावा, एवढ्यासाठी सगळ्यांनी एकच सिद्धांत शिकायचा असतो.

चांद्याच्या टेकडीवरील एक काल्पनिक रात्र

डावपेचांची आखणी म्हणजे नेमके काय, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तीस-पस्तीस जवानांच्या प्लॅटूनच्या अधिकाऱ्यास सायंकाळी असा हुकूम मिळाला की, चांद्याजवळील रस्ता उद्या पहाटेपासून दुपारपर्यंत अडवून धरावा. हाती आहेत फक्त नऊ तास.

अननुभवी माणूस तडक सर्वांत उंच टेकडीच्या माथ्यावर चढेल आणि तेथे खंदक खणू लागेल. प्रशिक्षित अधिकारी प्रथम स्वतःला काही प्रश्न विचारतो, आणि ते एका ठरलेल्या क्रमाने विचारतो. आपले उद्दिष्ट नक्की कोणते? टेकडी राखणे की रस्ता अडविणे? या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यानंतर भूमी. माथ्यावर उभा असलेला माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर दुरून दिसतो, आणि उताराच्या फुगवट्यामुळे त्याला पायथा मात्र दिसत नाही. म्हणून माथ्याच्या थोडे खाली, जेथून पायथ्यापर्यंत नजर आणि गोळी दोन्ही पोचतील, तेथे जागा घ्यावी लागते. त्यानंतर ऋतू. श्रावण-भाद्रपदात मावळातील भातखाचरे पाण्याने भरलेली असतात, गाडी रस्ता सोडून खाली उतरूच शकत नाही, आणि शत्रूला रस्त्यानेच यावे लागते. फाल्गुनात तीच खाचरे टणक आणि मोकळी होतात. मग रस्ता अडविणे पुरेसे ठरत नाही, कारण शत्रू बांध ओलांडून बगलेने येऊ शकतो. म्हणजे टेकडी तीच, हुकूम तोच, माणसेही तीच; पण पावसाळ्यातली चोख योजना उन्हाळ्यात सर्वनाश ओढवील.

यानंतर शत्रूचा विचार. तो काय करील असे आपल्याला वाटते, आणि त्याने काय केले तर आपण सर्वांत अडचणीत येऊ, हे दोन प्रश्न वेगवेगळे धरावे लागतात. त्यानंतर स्वतःचे बळ. तीन सेक्शनपैकी दोन पुढे ठेवले, तर तिसरे राखीव ठेवता येते. तिन्ही पुढे ठेवली तर आघाडी भक्कम दिसते खरी, पण पहिले खिंडार पडताच ते बुजविण्यास हाताशी कोणी उरत नाही. राखीव दल हे रिकामे बसलेले दल नव्हे. जे आधी कळू शकत नाही त्याच्यासाठी शिल्लक ठेवलेला तो निर्णय असतो. महिन्याचा सगळा पगार एक तारखेलाच खर्ची घालणाऱ्या गृहस्थाची जी अवस्था विसाव्या दिवशी होते, तीच राखीव दल न ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची होते.

आणि शेवटी वेळ. लष्करी प्रशिक्षणात एक साधा संकेत शिकविला जातो. हाती असलेल्या वेळेपैकी एक तृतीयांशाहून अधिक वेळ वरिष्ठाने स्वतःच्या पाहणीत आणि आखणीत घालवू नये. उरलेला दोन तृतीयांश हाताखालच्यांचा असतो. नऊ तासांपैकी तीन तास अधिकाऱ्याचे. बाकीच्या सहा तासांत सेक्शनच्या हवालदाराला आपली जागा पाहावयाची असते, माणसांना समजावयाचे असते, खंदक खणावयाचे असतात, आणि शक्य झाल्यास रंगीत तालीमही घ्यावयाची असते. वरिष्ठाने आठ तास खर्चून काढलेली निर्दोष योजना हाताखालच्यांच्या हाती शेवटच्या तासात पडली, तर ती निर्दोष असूनही निकामीच ठरते. हाताखालच्याचा वेळ हे वरिष्ठाच्या मालकीचे धन नव्हे, हा विचार ज्यांच्या टेबलावर 'तातडीचे' असा शेरा मारलेले कागद शेवटच्या दिवशी येऊन पडतात, त्या सर्वांनीच ध्यानी घेण्याजोगा आहे.

जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र

योजना ठरल्यावर हुकूम द्यावयाचा. येथे खरा प्रश्न उपस्थित होतो. काय करावे एवढेच सांगावे, की ते कशासाठी करावयाचे हेही सांगावे?

या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखात साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. राज्याभिषेकाला अद्याप एक वर्ष अवकाश असताना, मे १६७३ मध्ये, शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरात छावणीस असलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांस, हवालदारांस आणि कारकुनांस एक पत्र पाठविले. रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून या पत्राचा उल्लेख वारंवार होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु हे पत्र सरनोबतास नव्हे, तर कनिष्ठ अधिकाऱ्यांस उद्देशून लिहिलेले आहे, आणि हुकूम कसा द्यावा याचा तो एक आदर्श वस्तुपाठ आहे, इकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

पत्रातील हुकूम अगदी साधा आहे. साठविलेला दाणा आणि वैरण जपून वापरा, रयतेला उपद्रव देऊ नका, विस्तवाची काळजी घ्या. दोन ओळींत हे भागले असते. पण पत्र तेथे थांबत नाही. आताच मनमानेल तशी वैरण उधळली, तर ऐन पावसाळ्यात ती मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि त्यांच्या मृत्यूचा दोष तुमच्यावर येईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे, भाकर, गवत, फाटे, भाजीपाला आणू लागाल. जीव मुठीत धरून राहिलेले कुणबीही गाव सोडून जातील, कित्येक उपाशी मरतील, आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील. रात्री दिवा जळता राहिला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. मग कोणाला कितीही शिक्षा केली तरी गवताची एक काडीही परत मिळणार नाही. अशी एकेका कृतीमागची कारणांची साखळी शेवटच्या कडीपर्यंत उलगडून दाखविलेली आहे.

ज्याच्या शब्दाबाहेर जाण्याची कोणाची छाती नव्हती, अशा राज्यकर्त्याने एका हवालदारास एवढे समजावून का सांगावे? याचे कारण उघड आहे. राजगड-रायगडावर बसलेल्या माणसाला चिपळुणातल्या प्रत्येक गंजीवर, प्रत्येक चुलीवर आणि प्रत्येक दिव्यावर नजर ठेवणे शक्य नव्हते. हुकमात ज्याचा उल्लेख नाही असा प्रसंग उद्या उद्भवणारच होता. त्या प्रसंगी हवालदाराला हुकमाचे शब्द उपयोगी पडणार नव्हते, पण हुकमाचा हेतू उपयोगी पडणार होता. हेतू सांगणे ही वरिष्ठाने केलेली मेहेरबानी नसून, स्वतः जेथे पोचता येत नाही तेथे आपली बुद्धी पोचविण्याचा तो एकमेव मार्ग आहे.

शिवकालीन पायदळाची रचनाही याच विचाराला पोषक होती. सुमारे दहा माणसांवर एक नाईक, पाच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ती चढती साखळी सभासदाच्या बखरीत वर्णिलेली आहे. आजही भारतीय पायदळाचे सेक्शन साधारण दहा माणसांचे असते, आणि 'नाईक' व 'हवालदार' हे शब्द हुद्द्यांच्या रूपाने जिवंत आहेत. डोंगरात, रानात आणि अंधारात एका माणसाचा आवाज किती जणांपर्यंत पोचतो, हे गणित तीन शतकांत फारसे बदललेले नाही.

हेतू समजलेला माणूस

हेतू समजलेला कनिष्ठ अधिकारी काय करू शकतो, याचे दाखले शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांच्यावर सोपविलेले काम शत्रूचा पराभव करण्याचे नव्हते. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ मिळवून देण्याचे होते, आणि गडावरील तोफेचा आवाज ही त्या कामाच्या समाप्तीची खूण होती, असे परंपरा सांगते. काम, त्याचा हेतू आणि ते संपल्याची खूण, या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट होत्या. आजच्या कोणत्याही लष्करी विद्यालयात हुकमाचा मसुदा तपासताना याच तीन गोष्टी प्रथम शोधल्या जातात.

फेब्रुवारी १६७० मधील सिंहगडाची हकीकत तर प्रबोधिनीच्या माथ्यावरच लिहिलेली आहे. तानाजी मालुसरे पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटू लागला, तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापल्याचे सांगून त्यांना पुन्हा उभे केले, ही कथा प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. तिच्यातील शौर्य सांगितले जाते, पण तिच्यातील व्यवस्था सांगितली जात नाही. प्रमुख पडला तर पुढे कोण, हे ज्या सैन्यात आधीच ठरलेले असते आणि त्या पुढच्या माणसाला हेतू ठाऊक असतो, ते सैन्य प्रमुखाच्या मृत्यूने पराभूत होत नाही.

अलीकडच्या काळातील उदाहरण घ्यावयाचे, तर कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचे घ्यावे. शिपाई म्हणून भरती होऊन ते पुढे अधिकारी झाले होते. खडकीच्या बाँबे सॅपर्सचे ते अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांच्या तुकडीसाठी रस्ता मोकळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. ८ एप्रिल रोजी काम सुरू होते न होते तोच उखळी तोफांचा मारा झाला. दोघे ठार आणि पाच जखमी झाले, आणि त्या जखमींत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्या माणसांची पुन्हा जुळणी केली, आणि पुढील तीन दिवस सुरुंग काढणे, रस्त्यात आडवे टाकलेले वृक्ष हटविणे, वळणमार्ग तयार करणे असे काम गोळीबाराखाली चालू ठेवले. कोणत्या अडथळ्याशी कसे झुंजावे, हे त्यांना कोणी प्रत्येक वळणावर सांगत नव्हते. रणगाडे राजौरीस वेळेत पोचले पाहिजेत, एवढा हेतू त्यांना पुरेसा होता. १२ एप्रिलला राजौरी हाती आले. परमवीरचक्र स्वतःच्या हयातीत स्वीकारण्याचे भाग्य राणे यांना लाभले.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे उदाहरण अधिक विचारात पाडणारे आहे. पुण्यात जन्मलेला आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेला हा तरुण जून १९७१ मध्ये पूना हॉर्समध्ये दाखल झाला, आणि डिसेंबरात युद्ध पेटले तेव्हा तो आजच्या अहिल्यानगर येथे तरुण अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम पुरा करीत होता. १६ डिसेंबर रोजी शकरगड विभागात त्याच्या रणगाड्यास आग लागली, तेव्हा रणगाडा सोडून देण्याचा हुकूम त्याला मिळाला. तोफ अद्याप चालू आहे असे कळवून तो लढत राहिला, आणि त्याला वीरमरण आले. पण शत्रूला तेथून फळी फोडता आली नाही. हुकूम मोडण्याचे समर्थन म्हणून ही घटना सांगणे अयोग्य ठरेल. पण हुकमाचे शब्द आणि त्या दिवशीच्या लढाईचा हेतू यांत अंतर पडले, तेव्हा एकवीस वर्षांच्या त्या अधिकाऱ्याने कशाला महत्त्व दिले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा. प्रबोधिनीच्या संचलनभूमीला आज त्याचे नाव आहे.

पानिपतचा धडा

उलट बाजूचा दाखलाही आपल्याच इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांनी आखलेली योजना टाकाऊ नव्हती. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाच्या आणि तोफांच्या आश्रयाने साऱ्या सैन्याने गोल बांधून शत्रूची फळी फोडीत जावे, अशी ती होती. पण गोलाची लढाई गारद्यांना शिकविलेली होती. सरदारांचे घोडदळ गनिमी काव्यात आणि मोकळ्या मैदानावरील दौडीत वाढलेले होते. मारा ऐन भरात असताना काही घोडदळ आपली जागा सोडून पुढे धावले, आणि गारद्यांच्या तोफांच्या माऱ्यातच आडवे आले, असे हकिकती सांगतात. त्या सरदारांच्या शौर्याविषयी कोणीही शंका घेऊ नये. उणीव होती ती एका समान सिद्धांताची. एकाच रणांगणावर दोन वेगळी व्याकरणे बोलली जात होती. पुढे विश्वासराव पडले, सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले, आणि त्यांच्यामागे सूत्रे कोणी हाती घ्यावी हे कोणालाच ठाऊक नसल्याने काही घटकांत सारा डाव विसकटला. सिंहगडावर जे होते तेच नेमके पानिपतावर नव्हते.

पराभवाने असा धडा शिकलेले राष्ट्र म्हणून प्रशियाचा उल्लेख करावा लागेल. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाच्या कवायती सैन्याचा धुव्वा उडविल्यावर तेथील सुधारकांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचीच फेररचना केली. हाताखालच्याला काम आणि हेतू सांगावा, रीत त्याच्यावर सोपवावी, ही परंपरा त्यातून पुढे वाढली. शत्रूशी पहिली गाठ पडल्यावर मूळ योजना तशीच्या तशी टिकत नाही, हे सेनापती मोल्टके याने सांगितलेले तत्त्व त्याच परंपरेतले. मात्र त्याच जर्मन सैन्याने पुढे विसाव्या शतकात आपले सारे कौशल्य एका अमानुष सत्तेच्या पायी वाहिले, हेही विसरता कामा नये. डावपेचांत निपुण असलेले सैन्य न्याय्य उद्दिष्टासाठीच लढेल याची हमी डावपेचांचे शास्त्र देत नाही. ती जबाबदारी राज्यघटनेची, लोकप्रतिनिधींची आणि नागरिकांची असते.

एका आक्षेपाचा विचार

कनिष्ठांना असे स्वातंत्र्य दिले तर शिस्त कशी राहील, हा आक्षेप येथे घेतला जाईल. तो गंभीर आहे. पण तो शिस्तीच्या एका अपुऱ्या कल्पनेवर उभा आहे. नजरेसमोर असताना हुकूम पाळणे ही शिस्तीची पहिली पायरी. नजरेआड असताना हुकमाचा हेतू पाळणे ही तिची वरची पायरी होय. पहिल्या पायरीला भीती पुरते, तर दुसरीला समज आणि विश्वास दोन्ही लागतात. ज्या कनिष्ठाला सिद्धांत शिकविलेला नाही, त्याला स्वातंत्र्य देणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास पाण्यात ढकलणे; पण ज्याला तो शिकविला आहे, त्याला स्वातंत्र्य नाकारणे म्हणजे पोहायला शिकवून काठाला बांधून ठेवणे.

आजच्या परिस्थितीत या प्रश्नाला नवी धार आली आहे. २०२२ पासून चाललेल्या युक्रेनच्या युद्धात मानवरहित विमाने प्रत्येक हालचाल टिपीत आहेत, आणि संदेशवहन तोडण्याचे तंत्र पराकोटीस पोचले आहे. मोठ्या तुकड्या एकत्र जमणे धोक्याचे झाल्याने लढाई पुन्हा दहा-वीस माणसांच्या गटांवर येऊन ठेपते, आणि वरिष्ठांचा शब्द ऐन वेळी पोचेलच अशी खात्री राहत नाही. इकडे आपल्याकडे जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती होणारे जवान चार वर्षांसाठी घेतले जातात, आणि त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. या योजनेच्या इष्टानिष्टतेविषयी मतभेद आहेत, आणि ते राहतील. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. सेक्शनमधील अनुभवाची सरासरी वर्षे जेवढी कमी, तेवढा नाईक, हवालदार आणि लेफ्टनंट यांच्या समजुतीवरचा भार अधिक. अनुभवाची तूट शिक्षणानेच भरून काढावी लागेल. मे २०२५ मध्ये प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडीही उत्तीर्ण झाली. तेव्हा ही जबाबदारी आता मराठी घरांतील मुलामुलींवर सारखीच येणार आहे.

बीज शाळेतच

आणि हे शिक्षण खडकवासल्यास सुरू होत नाही. चांद्यासारख्या गावांतील शाळेत सुरू होते. प्रबोधिनीत येणारा अठरा वर्षांचा मुलगा बारा वर्षे कोणत्या तरी वर्गात बसून आलेला असतो. त्या बारा वर्षांत त्याने 'अपेक्षित प्रश्नसंच' पाठ केला असेल, गणिताची रीत का चालते हे न विचारता ती उतरविली असेल, आणि 'का' विचारल्यास उद्धट ठरविला गेला असेल, तर तीन-चार वर्षांच्या लष्करी प्रशिक्षणाने त्याच्यातील स्वतंत्र निर्णयशक्ती जागी करणे कठीण जाते. उलट, ओढ्याला पूर आला तर गावातील कोणती घरे प्रथम हलवावी, हाती माणसे किती, वेळ किती, राखीव कोणाला ठेवावे, असा एखादा प्रश्न भूगोलाच्या तासाला मुलांपुढे ठेवणारा शिक्षक, बंदुकीचे नावही न काढता, उद्याचा उत्तम अधिकारी घडवीत असतो. आणि त्याच वेळी उत्तम तहसीलदार, उत्तम परिचारिका, उत्तम सरपंचही.

कचेऱ्यांचीही तीच कथा. हेतू न सांगता निघालेली परिपत्रके अक्षरशः पाळली जातात आणि अर्थाने मोडली जातात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाचे काम परिपत्रकाच्या कोणत्याच कलमात बसत नाही, तेव्हा नियम कशासाठी केला आहे हे ठाऊक असलेला लिपिक मार्ग काढतो. ते ठाऊक नसलेला कागद परत करतो. दोष बहुधा लिपिकाचा नसतो. त्याला हुकूम मिळालेला असतो, हेतू मिळालेला नसतो.

चिपळूणच्या छावणीतील हवालदाराला उंदीर, पेटती वात आणि गवताची गंजी यांचा संबंध समजावून सांगण्यास सतराव्या शतकात एका राजाला वेळ होता. त्या वेळेचा मोबदला म्हणून त्याला असे अधिकारी मिळाले की, जे तो जवळ नसतानाही त्याच्याच मनाने वागत. आजच्या वरिष्ठांना, मग ते लष्करातले असोत, शाळेतले असोत वा मंत्रालयातले असोत, तेवढा वेळ नाही, असे म्हणणे ही सबब झाली. समजावून सांगण्यात वाचविलेला प्रत्येक तास पुढे कोठे तरी सव्याज फेडावा लागतो. आणि युद्धभूमीवर ते व्याज पैशांत घेतले जात नाही.